‘कशावर क्लिक केलंत?’

आमच्या इंजिनिअरिंगच्या मित्रांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज हमखास पडतो. ‘घरचा पीसी उडालाय. बाबांनी कशावर तरी क्लिक केलंय. चांगला अँटिव्हायरस सुचवा.’ मग दहाजण दहा नावं सुचवतात, एकजण ‘लिनक्स टाक’ म्हणतो (हा प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच), एकजण ‘फॉरमॅट मार, विषय संपव’ म्हणतो. विषय तिथे संपतोही.

माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्नच चुकलाय. अँटिव्हायरस कोणता हे नंतर बघू. घरच्या कॉम्प्युटरची साफसफाई सुरू होते ती आपण फोनवर पहिलं वाक्य कोणतं बोलतो तिथून. आणि ते वाक्य ‘कशावर क्लिक केलंत?’ असेल तर निम्मं काम तिथेच बिघडलं.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय, आणि त्यात माझी बाजू फार चांगली नाहीये.

आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी शाळेत होतो. त्या काळातले व्हायरस आठवतात का? सायबर कॅफेतून पेनड्राइव्ह आणला की त्यात ‘न्यू फोल्डर’ नावाचं फोल्डर दिसायचं. ते फोल्डर नसायचंच. फोल्डरचं चित्र लावलेली ती एक इएक्सइ फाइल असायची, आणि विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं म्हणून ते कळायचं नाही. डबल क्लिक केलं की टास्क मॅनेजर बंद, फोल्डर ऑप्शन्स गायब. त्रास खूप, पण तो समोर दिसायचा. मग पुण्याच्या क्विक हीलची सीडी घालायची, रात्रभर स्कॅन लावायचा, सकाळी ‘३१२ फाइल्स क्लीन्ड’ असं वाचून घरभर समाधान.

आपल्या पिढीच्या डोक्यात साफसफाईचं हेच चित्र पक्कं बसलंय. स्कॅन, क्लीन, रीस्टार्ट, झालं. आताच्या व्हायरसला आपल्याला त्रास द्यायचा नसतो. त्याला आपले पासवर्ड हवे असतात, किंवा आपल्या फायली ओलीस हव्या असतात. आणि बऱ्याचदा दोन्ही.

तर झालं असं. जुलै २०२१. मी पुण्यात, आई-बाबा साताऱ्यात. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. कॉम्प्युटरवर त्यांची दोन कामं, सोसायटीचा हिशोब आणि आजीच्या ओव्या. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, आणि बाबांनी एका छोट्या व्हॉइस रेकॉर्डरवर दीड-दोन वर्षांत त्यांची ४१ रेकॉर्डिंग्ज केली होती. आजी २०२० मध्ये गेली. रेकॉर्डरची मेमरी भरायची म्हणून बाबा फायली पीसीवर टाकून रेकॉर्डर रिकामा करायचे. म्हणजे प्रत एकच.

रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर होती. ती काढायला बाबांनी ऑडिओ एडिटिंगचं एक सॉफ्टवेअर शोधलं. विकतचं होतं, म्हणून ‘क्रॅक’ शोधला. आधी अँटिव्हायरस बंद केला, मग फाइलवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केलं.

स्क्रीनवर विंडोज अपडेटची खिडकी आली. अपडेट चालू आहे, असं. बाबा शिस्तीचा माणूस. अपडेट चालू असताना मशीन बंद करायचं नाही हे त्यांना माहीत होतं. ते शांतपणे चहा पिऊन आले. तेवढ्या वेळात सगळ्या फायलींच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक चिठ्ठी पडली. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०.

हे स्टॉप-डीजेव्हीयू कुटुंबातलं रॅन्समवेअर. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला ते फारसं जात नाही. ते पसरतं मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरमधून, म्हणजे तुमच्या-आमच्या घरांत. ती अपडेटची खिडकी खोटी असते, डिस्क का खडखडतेय याची शंका येऊ नये म्हणून. आणि बऱ्याचदा ते एकटं येत नाही, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज उचलून नेणारा सोबतीही घेऊन येतं.

बाबांनी मला फोन केला नाही. बारा दिवस.

त्यांनी गावातल्या एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने स्कॅन केला, चारशे रुपये घेतले, म्हणाला, ‘काका, व्हायरस गेला. फायली मात्र गेल्या. मशीन एकदम क्लीन आहे.’ बाबांनी विश्वास ठेवला आणि त्याच मशीनवर, त्याच पासवर्डांनी काम चालू ठेवलं. दहाव्या दिवशी बाबांच्या फेसबुकवरून त्यांच्या तीन मित्रांना मेसेज गेले, ‘अडचणीत आहे, पाच हजार पाठव, उद्या देतो.’ दोघांनी फोन करून विचारलं. तिसऱ्याने विचारलं नाही, पाठवून दिले. खात्यातले जुने सहकारी. ‘तुझ्या बाबाने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, मी कशाला विचारत बसू?’ असं ते मला नंतर म्हणाले. बाबांनी ते पैसे पेन्शनमधून परत केले. आणि मग मला फोन केला.

मी काय बोललो असेन? बरोबर. ‘बाबा, कशावर क्लिक केलंत?’ वर आवाज चढवून, ‘किती वेळा सांगितलंय!’

पलीकडे थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग बाबा म्हणाले, “अरे, तू दाखवलं होतंस तसंच केलं.”

खरं होतं ते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत घरी येऊन मीच त्यांना एक क्रॅक टाकून दिला होता, मोठ्या ऐटीत. ‘अँटिव्हायरस उगाच ओरडतो, तो पाच मिनिटं बंद करायचा. मग अ‍ॅडमिन म्हणून चालवायचं.’ त्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं, पायरी एक, पायरी दोन. बाबांचा अकाउंट अ‍ॅडमिन कोणी ठेवला? मी. बॅकअपचं ‘पुढच्या खेपेला बघू’ कोण म्हणालं? मीच.

असो. त्या शनिवारी घरी गेलो. काय केलं ते सांगतो, कारण कधी ना कधी तुम्हालाही हे करावं लागेल.

पहिलं म्हणजे नेट काढलं, वायफाय आणि केबल दोन्ही. दुसरं, पासवर्ड. हे आपण शेवटी करतो, ते आधी हवं, आणि त्या मशीनवरून अजिबात नको. माझ्या लॅपटॉपवरून आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचं. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट’ करावं लागतं, कारण चोरलेल्या कुकीने पासवर्डशिवायही आत शिरता येतं. शक्य तिथे टू-स्टेप सुरू केलं.

तिसरं, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून कुलूप लागलेल्या सगळ्या फायली आणि ती चिठ्ठी बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढली. ‘आता यांचा काय उपयोग’ म्हणून टाकू नका. किल्ल्या कधीकधी नंतर सापडतात. या कुटुंबातल्या ऑगस्ट २०१९ च्या आधीच्या बहुतेक प्रकारांसाठी एम्सिसॉफ्टने मोफत डिक्रिप्टर काढला, आणि नंतरच्या प्रकारांतही ऑफलाइन किल्ली वापरली गेली असेल तर आशा असते. चिठ्ठीतला आयडी ‘टी १’ ने संपत असेल तर ऑफलाइन. आमचा संपत नव्हता.

चौथं, डिस्क पूर्ण पुसून दुसऱ्या मशीनवर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकलं. ‘स्कॅन केला, काही सापडलं नाही’ यावर मी थांबत नाही. अँटिव्हायरस त्याला जे सापडलं तेवढंच सांगू शकतो, आत काहीच उरलं नाही हे तो सिद्ध करू शकत नाही. तो कॉम्प्युटरवाला खोटं बोलला असंही मला वाटत नाही. त्याने व्हायरस काढला असेलही, पण चोर घराबाहेर गेला म्हणून त्याने खिशात घातलेली किल्ली परत येत नाही.

आता ओव्या. हे रॅन्समवेअर घाईत असतं, म्हणून प्रत्येक फाइलचा साधारण पहिला १५० केबी भागच एन्क्रिप्ट करतं. सोसायटीच्या एक्सेल फायली त्याहून लहान, त्यामुळे पूर्ण गेल्या (प्रिंट होत्या, पुन्हा टाइप केल्या). पण एमपी३ म्हणजे छोट्याछोट्या तुकड्यांची माळ, पुढचे मणी गेले तरी बाकीची माळ वाजते. रेकॉर्डिंग १२८ केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १६ केबी. मी पायथॉनमध्ये दहा ओळी लिहिल्या, प्रत्येक फाइलचे पहिले १५० केबी कापले आणि पुन्हा सेव्ह केलं. आजी वाजली. ४१ च्या ४१. प्रत्येकातले पहिले साडेनऊ सेकंद सोडून.

आता मूळ मुद्दा. ते बारा दिवस कोणी घडवले? एन्क्रिप्शन त्या चहाच्या वेळातच झालं होतं, ते मी थांबवू शकलो नसतो. पण त्याच संध्याकाळी बाबांनी फोन केला असता तर रात्री पासवर्ड बदलले असते आणि ते मेसेज गेलेच नसते. फोन केला नाही, कारण माझं बोलणं ऐकून घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आई नंतर म्हणाली, “तू चिडशील म्हणून म्हणाले, आधी आपण बघू.”

ऑफिसमध्ये आपण काय करतो? कोणी प्रॉडक्शनचं टेबल उडवलं तर पोस्टमॉर्टेमला बसतो आणि विचारतो, सिस्टिमने हे होऊ कसं दिलं? त्या मुलाला परमिशन का होती? बॅकअप किती वेळात परत आला? माणसाला झापलं की पुढचा माणूस चूक लपवतो, हे आपल्याला व्यवस्थित कळतं. तेच आपण घरी आलो की आईवडिलांना शाळेतल्या पोरासारखं उभं करतो. ज्यांनी आपल्याला सायकल शिकवताना पन्नासदा पडू दिलं, त्यांना आपण एक क्लिक माफ करत नाही.

कोणी म्हणेल, झापलं नाही तर शिकणार कसे? माझं उत्तर असं की ती खोटी अपडेटची खिडकी मलाही पटली असती. प्रत्येक वेळी ओळखता येईल अशी अपेक्षा ठेवणं ही सुरक्षा नव्हे. सुरक्षा म्हणजे एका क्लिकने फार काही बिघडणार नाही अशी व्यवस्था, आणि बिघडलंच तर पहिल्या तासात फोन येईल असं नातं. पैशांची फसवणूक असेल तर १९३० या नंबरवरही लवकर कळवण्यालाच किंमत आहे. तो नंबर आईबाबांना पाठ हवा, आणि तो फिरवायची लाज वाटता कामा नये.

तेव्हा या वीकेंडला घरी जाणार असाल तर एवढं करा. रोजच्या वापराला अ‍ॅडमिन नसलेला अकाउंट. एक्स्टेन्शन दिसतील असं सेटिंग. जे सॉफ्टवेअर विकतचं आहे ते विकत घेऊन द्या, नाहीतर मोफत पर्याय टाकून द्या (पंख्याची घरघर शेवटी ऑडॅसिटीने निघाली, फुकट). विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, मशीन त्यावरच असेल तर त्याचं काहीतरी बघा. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, त्यातली एक एरवी काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर. आणि निघताना सांगा, “काही विचित्र दिसलं तर लगेच फोन करा, मी ओरडणार नाही.” मग खरंच ओरडू नका. हे सगळ्यात अवघड आहे, मला अजून पूर्ण जमलेलं नाही.

त्या साडेनऊ सेकंदांत काय होतं ते मी बाबांना विचारलं होतं. म्हणाले, “काही नाही रे. दरवेळी रेकॉर्डर लावला की ती विचारायची, चालू झालं का? मी हो म्हणायचो. मग ती सुरू करायची.”