तर्री वर, ग्रीन टी खाली?

आलूबोंड्यावर मनसोक्त तर्री ओतायची आणि रूमवर येऊन ग्रीन टीची पिशवी गरम पाण्यात बुडवायची. झाला हिशेब बरोबर! नवेगाव बांधपासून नागपूरपर्यंत आपल्या पिढीचा हा लाडका तोडगा. पण मित्रांनो, पोटात नेमकं काय होतं, हे कधी विचारलंय?

खाल्लेलं तेल लहान आतड्यात गेलं की पित्त त्याचे बारीक थेंब करतं. स्वादुपिंडातून येणारं लायपेज हे विकर ते थेंब फोडतं, मगच चरबी अंगी लागते. ग्रीन टीतलं ईजीसीजी हे द्रव्य प्रयोगशाळेत लायपेजला मंदावतं. म्हणजे जाहिरातवाले अगदीच हवेत बोलत नाहीत.

पण परीक्षानळी वेगळी आणि पोट वेगळं. लायपेज खरोखर अडवणारं औषध आहे, ऑर्लिस्टॅट. त्याने जेवणातली सुमारे ३० टक्के चरबी न पचता बाहेर पडते आणि तेलकट शौचाचा त्रासही होतो. ग्रीन टीने असं कुणाचं झालंय का? कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये ग्रीन टीवरचे अभ्यास एकत्र तपासले. जपानबाहेरच्या अभ्यासांत वजनातला सरासरी फरक निघाला ४० ग्रॅम. एका आलूबोंड्याएवढाही नाही!

तोटा मात्र खरा आहे. जेवणासोबत ग्रीन टी घेतला तर डाळ-पालेभाजीतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ सांगतं की, राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय आहे. मग डबा अर्धा ठेवून त्यावर ग्रीन टी पिणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्ही नेमकं काय कमी करताय, चरबी की रक्त?

‘फॅट बर्नर’ गोळ्यांपासून तर लांबच राहा. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून घेतल्यास यकृतावर ताण दिसतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय.

चव आवडते? खुशाल प्या, पण जेवणानंतर तासा-दोन तासांनी. तर्रीचा हिशेब मात्र तर्रीशीच करा. एक पळी कमी घ्या आणि संध्याकाळी तलावाच्या पाळीवर पाय मोकळे करा. पॉकेटमनीही वाचेल.