धाक नको, उपचार हवा

मुलीने पगार कपड्यांवर उडवला, रात्री फरसाणाचा अख्खा पुडा एकटीने संपवला, की घरात निकाल तयार असतो: "हल्लीच्या मुलींना धरबंधच नाही!" हा निकाल चुकीचा आहे आणि तो मुलींचं नुकसान करतो.

यात 'हल्लीचं' काही नाही. अनावर खरेदीच्या विकाराची नोंद एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच केली होती. तो बायकांपुरताही नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत त्याचं प्रमाण स्त्रियांत ६ टक्के, तर पुरुषांत ५.५ टक्के आढळलं.

खरेदी आणि खाणं यांचं नातं मात्र खरं आहे. फेबर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये दाखवलं की अनावर खरेदी करणाऱ्यांत खाण्याचे विकार जास्त आढळतात, आणि अनावर खाणाऱ्यांत खरेदीची ओढ. का? इथे स्वभावाचा प्रश्न येतो, आणि 'धरबंध नाही' हे म्हणणं इथेच कोसळतं. व्हाइटसाइड आणि लायनम या मानसशास्त्रज्ञांनी २००१मध्ये उतावळेपणाचे चार पैलू वेगळे केले. विचार न करता वागणं हा एक. मन बिनसलं की त्या घटकेला काहीतरी करून सुटका मिळवायची निकड, हा अगदी दुसरा. अनावर खाण्याशी घट्ट जोडलेला आहे तो हा दुसरा. म्हणूनच ऑफिसचं काम चोख करणारी मुलगीही बोलणी खाऊन आली की फोनवर ऑर्डर देत सुटते.

तिचं कपाट उघडून पाहा. लेबलही न काढलेले कुर्ते तळाशी, त्यांच्यामागे चुरगाळलेली बिस्किटांची वेष्टनं. हौस असती तर कुर्ता अंगावर चढला असता. तो लपवलाय, कारण तिला लाज वाटते. आणि आपण रागावून ती लाजच वाढवतो, म्हणजे पुढच्या ऑर्डरची सोय करतो.

"मग प्रत्येक हौस आजारच म्हणायची का?" मुळीच नाही. कर्ज, लपवाछपवी आणि थांबायचं ठरवूनही न थांबता येणं, एवढं जमून आलं की मदत घ्यावी. स्वभाव जन्माचा असला तरी बिनसलेल्या मनाला सावरायची रीत शिकता येते. वर्तनोपचारात तेच शिकवतात. खाण्याच्या बाबतीत तर त्याची सुरुवात उपासाने होत नाही, वेळेवर पोटभर जेवण्याने होते. तिच्या हाती डाएटचा तक्ता देणारे आईबाप नेमकं उलट करतात. उपाशी पोट रात्री पुन्हा त्या पुड्याकडेच नेतं.