‘पित्तच असेल!’

वस्तीतल्या बैठकीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की धस्स होतं. सकाळी मळमळतं, तोंडाची चव गेलीय, दोन घास खाल्ले की पोट गच्च. मग काय, पित्त! उपास कमी कर, जागू नकोस. घरचे तेच म्हणतात, गल्लीतले डॉक्टर तेच, आणि ती स्वतःही.

माझ्या माहितीतल्या एका बाईंनी वर्ष असंच काढलं. चार घरची धुणीभांडी, कंबरदुखीवर दुकानातून आणलेली गोळी, त्या गोळीने जळजळ, जळजळीवर आणखी एक गोळी. पाय सुजले तेव्हा रक्त तपासलं. मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पोटाच्या अस्तराला इजा करतात, तशी मूत्रपिंडालाही करतात. मूत्रपिंड थकलं की रक्तात युरियासारखी घाण साठते, आणि त्यानेच मळमळ, उचक्या, अपचन सुरू होतं.

त्यात पित्तावरचे आपले घरगुती उपाय! शहाळं आणि केळं यांत पोटॅशियम भरपूर. निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात. खाण्याच्या सोड्याने अंगात पाणी साठतं. पुष्कळशा अँटासिडमधलं मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमही साठून राहतं. जुलाब लागले तरी जलसंजीवनी किती घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारावं लागतं, कारण तिच्यातही पोटॅशियम असतं आणि पाणी तर मोजूनच प्यायचं. शिवाय या रुग्णांची प्रतिकारशक्ती कमी. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गीया-बारे सिंड्रोमची साथ आली. त्यातल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते, आणि संशय पिण्याच्या पाण्यावर होता. धडधाकट माणसांची ही गत, तर डायलिसिसवरच्या बाईने नळाचं पाणी कोणत्या भरवशावर प्यावं?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस होतं, हे खरंच मोठं काम आहे. पण पथ्याचं काय? भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, पाणी ओतून द्यायचं, मीठ बेताचं. नवरा आजारी असला की बायको हे रोज मुकाट्याने करते. या बाई मात्र सगळ्यांसाठी केलेली आमटीच खातात. ‘‘माझ्या एकटीसाठी कुठे गॅस जाळू, ताई?’’

आपणही यात आहोत. बाईचं आरोग्य म्हटलं की आपण पाळी, बाळंतपण, गर्भाशय यांवर शिबिरं घेतो. ती घ्यायलाच हवीत. पण कोण कुठली गोळी किती दिवस खातेय, हे आपण कधी विचारलं? मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकीची क्रिएटिनिनची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी. पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच.

त्या बाईंची मुलगी आता तीच घरं धरते. तिचीही कंबर दुखते, पर्समध्ये तीच गोळी. तिला तपासणीला न्यायचं ठरलंय. मालकिणी सुट्टी कधी देतात, तेवढंच अडलंय.