‘ओ’ आणि ‘ळ’

आयर्लंडमधल्या सर्वांत जुन्या आडनावांत ‘ओ’क्लेरी’ची गणना होते. त्या घराण्यातल्या एका सरदाराच्या मृत्यूची नोंद इ. स. ९१६ची आहे. ‘क्लेरी’च्या मुळाशी लेखनिक किंवा धर्मसेवक; ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. म्हणजे हे तिकडचे कुलकर्णीच! दौत-लेखणी कुण्या आजोबांनी धरली आणि नाव पिढ्यान् पिढ्यांना चिकटलं. नागपूरकर भोसल्यांकडच्या चिटणविसांचं तरी दुसरं काय झालं?

पुढे तिथे इंग्रजांचा अंमल घट्ट झाला आणि अनेकांचा ‘ओ’ गळून पडला. काही क्लेरी तर चक्क ‘क्लार्क’ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेचा अभिमान जागा झाला, तेव्हा कित्येक घराण्यांनी आपला ‘ओ’ परत लावून घेतला.

आमच्या रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात अक्षर गळायला इंग्रज लागले नाहीत. हिंदीच्या लिहिण्याबोलण्यात ‘ळ’ नाही, म्हणून काळ्यांचे ‘काले’ झाले आणि मुळ्यांचे ‘मुले’. शाळेच्या हजेरीपटावर एकदा ‘काले’ चढलं, की पेन्शनच्या कागदापर्यंत तेच. आता घरातली पोरंसुद्धा तसंच सांगतात. ‘ळ’ परत आणायला कुणी चळवळ केली नाही. केली असती, तर तिचीही ‘चलवल’ झाली असती म्हणा.

बिंबाजी भोसले अठराव्या शतकात रतनपूरला येऊन राहिले आणि १८५४पर्यंत छत्तीसगढ नागपूरच्या गादीकडे होतं. मराठी आडनावं इकडे रुजली ती त्या काळापासून. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघालं, त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासातलं हे मानाचं पान, आणि त्यावरची तिन्ही नावं मराठी!

यातल्या चिंचोलकरांनी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे गाव नावात बांधून आणलं. उरलेल्या दोघांच्या बाबतीत रायपूरनं उलटंच केलं. लाख्यांच्या आडनावावरून अख्खं लाखेनगर वसलं, आणि बूढ़ापाऱ्यातली शाळा माधवराव सप्र्यांच्या नावानं ओळखली जाते. टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे ते हेच, हे रिक्षावाल्याला ठाऊक असायचं कारण नाही. त्याला ‘सप्रे स्कूल’ एवढं पुरतं. तिथे शिकलेले साहू, वर्मा, यादव ‘हम सप्रे के हैं’ असं सांगतात, तेव्हा आयरिश हिशेबानं त्या सगळ्यांना ओ’सप्रेच म्हणायला हवं.