पुलाखालचे बिनपरवाना बांधकाम

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, ऑरेगन राज्यात, पोर्टलंड नावाचे शहर आहे. पावसाच्या बाबतीत ते आपल्या कोकणचे दूरचे नातेवाईक म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की आपला पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करून मोकळा होतो आणि तिथला पाऊस ऑक्टोबरपासून वसंत येईपर्यंत उधारी फेडल्यासारखा थोडा थोडा पडत राहतो. अशा गावात पोरांनी चाकांच्या फळीवर खेळायचे कुठे?

चाकांची फळी म्हणजे स्केटबोर्ड. अडीचएक फूट लांब, वीतभर रुंद आणि खाली चार चाके. ब्रेक नाही, हँडल नाही, धरायला काही म्हणजे काही नाही. आईबापांचा जीव टांगणीला लावण्यासाठीच ही वस्तू जन्मली असावी, असे माझे कित्येक दिवस मत होते. १९७० नंतरच्या दोनचार वर्षांत हिला पॉलियुरेथेनची चाके आली आणि ती जमिनीला धरून पळू लागली. पुढे १९७६-७७ साली कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, बंगल्यांतले पोहण्याचे तलाव कोरडे पडले, आणि त्यांच्या गोलसर भिंतींवर पोरे चोरून चढू-उतरू लागली. गोलाईची चटक लागली ती तेव्हा. मग पैसे घेऊन खेळू देणारी मैदाने निघाली. पण हातपाय मोडण्याच्या भीतीने विम्याचे हप्ते असे वाढले, की १९८० च्या सुमारास त्यांतली बहुतेक बंद झाली. पोरे पुन्हा रस्त्यावर, आणि दुकानदार त्यांच्या मागे.

पोर्टलंडमधून विलॅमेट नदी वाहते. तिच्यावरचा बर्नसाइड पूल १९२६ सालचा. त्याच्या पूर्वेकडच्या टोकाखाली एक ओसाड जागा होती. जागा सरकारी, म्हणजे कोणाचीच नाही. बेघर माणसे तिथे अंग टाकत, नशापाणी चाले, फुटक्या बाटल्यांचा खच पडलेला असे. पण वर पूल होता. म्हणजे आयते छप्पर! १९९० च्या ऑक्टोबरअखेर, तिकडच्या हॅलोवीनच्या सुमारास, काही तरुणांनी सिमेंटची पोती आणली, कालवली, आणि पुलाच्या भिंतीच्या पायथ्याशी जमीन भिंतीला वळण घेऊन मिळेल असा एक उतार थापला. कोणाला विचारले नाही, नकाशा काढला नाही, अर्ज केला नाही.

मला या हकीकतीत सगळ्यात गोडी वाटते ती त्यांच्या गवंडीकामाची. फळीवरचा खेळ म्हणजे झोपाळ्याचाच एक प्रकार. खाली येताना गुडघे मोडायचे, चढताना ताणायचे, आणि त्या झोक्यावर पुढची भिंत गाठायची. वळण बोटभर चुकले तर झोका तुटतो. पृष्ठभागावर वाटाण्याएवढा खडा राहिला तर चाक जागीच अडते आणि स्वार पुढे जातो, फळीशिवाय. शिवाय उभ्या चढावर ओले काँक्रीट आपल्या वजनाने खाली घसरू पाहते. ते पातळ होऊन चालत नाही, फार आवळूनही चालत नाही. थापी आणि रंधा फिरवायला जी नेमकी वेळ असते ती हातालाच कळावी लागते. ही पोरे काही गवंडी नव्हती. थोडे करावे, त्यावर खेळून पाहावे, पुढे वाढवावे, चुकले ते फोडावे, अशी त्यांची रीत. पण जो थापी फिरवणार तोच दुसऱ्या दिवशी त्यावर आपटणार, यापेक्षा कडक तपासनीस कुठल्या बांधकाम खात्यात असतो?

हे मी आमच्या शेजारच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांना सांगितले. सारी हयात त्यांनी सरकारी बांधकामांत काढलेली. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"प्रोफेसर, तुमच्या मराठीत याला शब्द आहे. अतिक्रमण."

"आणि श्रमदान हा शब्द कुठल्या भाषेतला, साहेब?"

"श्रमदानाला आधी ठराव लागतो!"

"मग दिवाळीत पोरं वाड्याच्या अंगणात किल्ला करायची, तेव्हा घरमालकाची लेखी परवानगी घेत होती का?"

"अहो, किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ढासळतो. काँक्रीट ढासळत नाही."

हे मात्र त्यांचे खरे. माती आपली चूक आपणच पोटात घेते. काँक्रीट एकदा बसले की पुढच्या माणसाला त्या जागेचा दुसरा उपयोग सुचला तरी सोय राहत नाही. आज मुलांनी खेळ मांडला म्हणून कौतुक करायचे, तर उद्या त्याच न्यायाने कोणी टपरी मांडील, परवा कोणी पताका लावील. आपल्या शहरांत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

तरी पोर्टलंडच्या नगरपरिषदेने ते मोडले नाही. पोरे तोवर शहाणी झाली होती. आजूबाजूच्या दुकानदारांना, गोदामवाल्यांना जाऊन भेटली. त्या लोकांनाही दिसत होते, की पूर्वी जिथे अंधार पडल्यावर पाऊल टाकवत नव्हते तिथे आता दिवसभर जाग असते. शेवटी नगरपरिषदेने बांधकामाला मान्यता दिली. शिकाऊ हातांचे पुढे कसबी हात झाले: मार्क स्कॉट या तिथल्याच गड्याने ड्रीमलँड नावाची कंपनी काढली आणि लिंकन सिटी, न्यूबर्ग अशा गावांसाठी मैदाने बांधून दिली, तीही रीतसर. २०२१ साली तोक्योत या खेळाला ऑलिंपिकची पदके लागली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पण मला त्या आधीच्या रहिवाशांचे कोडे सुटत नाही. जे तिथे झोपत होते ते कुठे गेले? जागा सुधारली, आणि मग जागेला भाव आला. आता मैदानाला खेटून गडद रंगाची एक उंच इमारत उभी आहे. पोरांनी फुकट झाडलेल्या अंगणावर दुसऱ्याने रांगोळी घातली, असा हा प्रकार. त्यात पोरांचा दोष नाही. पण नुसते टाळ्या वाजवून पुढे जाववत नाही.

फिलाडेल्फियात उलट चाल झाली. तिथल्या 'लव्ह पार्क' या चौकाच्या दगडी पायऱ्या फळीवाल्यांच्या साऱ्या जगात गाजलेल्या. नगराने तिथे बंदी घातली. या चौकाची मूळ कल्पना एडमंड बेकन या नगररचनाकाराची. २००२ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, हे आजोबा शिरस्त्राण घालून, दोन्ही बाजूंनी धरलेल्या माणसांच्या आधाराने, आपल्याच चौकात फळीवर उभे राहिले आणि बंदी मोडली! आपण आखलेल्या जागेचा लोकांनी भलताच उपयोग केला म्हणून संतापणारे पुष्कळ असतात; त्यासाठी कायदा मोडणारा हा विरळा. त्याच शहराच्या दक्षिण भागात, महामार्गाच्या कमानीखाली, तिथल्या पोरांनीही हाताने काँक्रीट ओतून आपले मैदान उभे केले आहे.

आपल्याकडे माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये बाग झाली, ती रहिवाशांनी महापालिकेचा पिच्छा पुरवला म्हणून. ती परवानगीची वाट. वेळ लागतो, पण रात्री शांत झोप येते.

बर्नसाइडच्या पोरांना ती येत असेल की नाही कोण जाणे. शंभरीच्या घरातला तो पूल मोठ्या भूकंपात टिकणार नाही, म्हणून नवा बांधायचे घाटते आहे. मैदान मोडायचे नाही असे आराखड्यात धरले आहे. पण काम चालू असताना ते बंद ठेवावे लागेल. छप्परच उतरवायचे म्हटल्यावर दुसरे काय होणार!

इंजिनिअरसाहेबांना हेही सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते राहू द्या. त्या वळणावर त्यांनी पाणी किती दिवस मारलं, ते कुठं लिहिलंय का?"