चिंध्यांचीही शैली

मनोरंजनाच्या साधनांकडे गांभीर्याने पाहण्याची सवय समाजवादी कार्यकर्त्यांत फारशी आढळत नाही. कादंबरी, नाटक आणि फार तर चित्रपट, येथवर त्यांची समीक्षा पोचते. खेळ ही रिकामटेकड्यांची बाब समजून सोडून दिली जाते. परंतु गेल्या साडेतीन दशकांत पाश्चात्त्य तरुणांच्या काही पिढ्यांनी भांडवलशाहीच्या भवितव्याचे आपले चित्र एका खेळाच्या निमित्ताने रंगविले आहे, आणि त्या चित्रात कोणी काय ल्यावे याचा जो हिशेब मांडला आहे, तो तपासून पाहण्याजोगा आहे.

हा खेळ म्हणजे अमेरिकन रचनाकार माइक पाँडस्मिथ यांचा ‘सायबरपंक’. त्याची पहिली आवृत्ती १९८८ साली निघाली, दुसरी १९९० मध्ये. २०२० साली ‘सायबरपंक रेड’ ही नवी आवृत्ती आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने त्यावर बेतलेला ‘सायबरपंक २०७७’ हा संगणकावरील खेळ बाजारात आणला. मूळ खेळात चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो आणि फाशांवर यशापयश ठरते. कथानक घडते ते नाइट सिटी नावाच्या कल्पित शहरात. तेथे शासनसंस्था नावापुरती उरली असून खरी सत्ता अरासाका, मिलिटेक अशा महाकाय कंपन्यांच्या हाती आहे. माणसे पैसे मोजून शरीरात यंत्रे बसवून घेतात. गरिबांच्या ताटात जनावरांच्या खाद्यासारखे कोरडे दाणे पडतात.

या जगाचे एक ब्रीद १९९० च्या आवृत्तीतच सांगितले गेले: आशयापेक्षा शैली श्रेष्ठ. त्यामुळे कपड्यांना येथे नियमांचेच स्थान आहे. पोशाखाची जाण हे पात्राच्या अंगी असावयाचे एक स्वतंत्र कौशल्य मानले आहे. यादीत तेच जाकीट, तीच विजार शैलीपरत्वे निरनिराळ्या किमतींना मिळते. गोळी अडविणारे चिलखत वेगळे विकत घ्यावे लागते. तेव्हा उंची कोटासाठी मोजलेला जादा पैसा केवळ तो कोट कोणाच्या अंगावर शोभतो हे जगाला कळावे एवढ्यासाठीच असतो. इतक्या स्पष्टपणे वस्त्रांतील वर्गभेद सांगणारे ललित वाङ्मयही थोडेच असेल. या प्रामाणिकपणाचे श्रेय पाँडस्मिथ यांना दिलेच पाहिजे.

परंतु ‘रेड’मधील यादी जरा निरखून पाहावी. कचेरीतील साहेबाचा पोशाख, धनिकांची उंची फॅशन, टोळ्यांचे रंग, भटक्यांची चामडी वस्त्रे यांच्याच पंक्तीला ‘बॅग लेडी चिक’ नावाची एक शैली बसविलेली आहे. बॅग लेडी म्हणजे आपला सारा संसार पिशव्यांत भरून अमेरिकन शहरांच्या फुटपाथवर दिवस काढणारी बेघर बाई. तिच्या अंगावरच्या चिंध्या येथे निवडीचा विषय झाल्या आहेत, आणि त्यांना किंमतही आहे! ज्या बाईला निवडीचे स्वातंत्र्य कधी मिळाले नाही, तिची अगतिकता दुसऱ्या कोणाची तरी अभिरुची ठरली.

हा उपहास आहे, असे खेळाचे चाहते म्हणतील. पाँडस्मिथ यांनीही हे जग आदर्श म्हणून नव्हे, इशारा म्हणून उभे केल्याचे सांगितले आहे, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र खेळणाऱ्याच्या हाती लेखकाचा हेतू पडत नाही, किमतींची यादी पडते. आणि यादीपुढे बसलेला माणूस गिऱ्हाइकाप्रमाणेच विचार करू लागतो.

‘सायबरपंक २०७७’मध्ये हीच विचारसरणी अधिक पद्धतशीर झाली आहे. तेथे चार शैली आहेत. गरजेपुढे शैली गौण मानणारा एन्ट्रॉपिझम हा निर्धनांचा. त्याच्या करड्या कळेविरुद्ध भडक रंगांनी बंड करणारा किच हा सामान्यांचा. कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा काळा, काटेकोर निओमिलिटरिझम. आणि अतिश्रीमंतांचा निओकिच, ज्यात खरे लाकूड आणि खऱ्या जनावराचे कातडे हीच संपत्तीची खूण ठरते, कारण त्या जगात निसर्गच दुर्मिळ झाला आहे. ही शेवटची कल्पना खरोखर मार्मिक आहे. पहिली मात्र पुन्हा तीच चूक करते: दारिद्र्याला ‘इझम’ जोडला की ते एक मत होऊन बसते, जणू ते कोणीतरी विचारपूर्वक पत्करले आहे.

या खेळातील एक तांत्रिक बदलही बोलका आहे. आरंभी कपड्यांतून संरक्षण मिळे. त्यामुळे खेळाडू जे बळकट ते अंगावर चढवीत आणि विदूषकासारखे दिसत. लोकांना ते खपले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वरून हवा तो वेश दाखविण्याची सोय झाली, आणि सप्टेंबर २०२३ च्या सुधारणेत संरक्षण मुख्यतः शरीरात बसविलेल्या यंत्रांकडे गेले. वस्त्र बहुतांशी शोभेपुरते उरले.

बंडखोराचा वेशही यातून सुटत नाही. कंपन्यांविरुद्ध लढणारा गायक जॉनी सिल्व्हरहँड याच्या ‘सामुराय’ या वाद्यवृंदाचे जाकीट खऱ्या जगातही विक्रीस आले. अर्थात हे पंकच्या परंपरेला धरूनच झाले. १९७० च्या दशकात लंडनच्या किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लॅरेन यांच्या दुकानात फाटक्या वस्त्रांचे बंड गल्ल्यावर पैसे मोजूनच मिळत होते.

या साऱ्या याद्यांत एक माणूस कोठेच दिसत नाही, आणि तो म्हणजे शिवणारा. कोणता वर्ग काय नेसतो हे सांगितले जाते. कोणता वर्ग शिवतो हे सांगितले जात नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून १,१०० हून अधिक माणसे मेली, त्यांतील बहुतेक पाश्चात्त्य दुकानांसाठी कपडे शिवणारे कामगार होते. नाइट सिटीच्या दुकानांतील कपड्यांना असा इतिहासच नाही. ते आपोआप मांडणीवर येतात.

मात्र पडद्यावरचे कपडेही कोणाच्या तरी श्रमांतून निर्माण होतात. सक्तीचे जादा काम लादणार नाही असे आधी सांगूनही सीडी प्रोजेक्ट रेडने २०२० च्या शरदात, खेळ बाजारात येण्यापूर्वी, कर्मचाऱ्यांवर सहा दिवसांचा आठवडा लादला. त्याचा मोबदला दिला गेला, हेही नमूद केले पाहिजे. २०२३ साली कंपनीने सुमारे १०० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी तेथील कर्मचाऱ्यांनी पोलंडमधील खेळनिर्मिती व्यवसायातील कामगारांची संघटना स्थापन केली आणि तिचे सभासदत्व त्या व्यवसायातील इतर कंपन्यांच्या कामगारांनाही खुले ठेवले.