तिसरा पंख

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही मायलेकी ओहायोतल्या एका शेतात उभ्या होतो. सोयाबीन काढून झालेलं, पायाखाली नुसती धसकटं, अंगात दोन-दोन स्वेटर आणि हातात रॉकेट. म्हणजे खरंखुरं, धूर सोडत आकाशात जाणारं रॉकेट. फूटभर उंचीचं, पुठ्ठ्याच्या नळीचं. इथल्या हौशी रॉकेट क्लबचा तो उड्डाणाचा दिवस होता आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचं पहिलंवहिलं रॉकेट उडायचं होतं.

खरं सांगायचं तर ते नुसतं तिचं नव्हतं. भानगड तिथेच आहे.

तर झालं असं की, वाढदिवसाला कोणीतरी तिला किट दिलं. एक नळी, प्लॅस्टिकचं टोक, छोटं पॅराशूट, रबराची दोरी आणि शेपटीला लावायचे बाल्सा लाकडाचे तीन पंख. तिने एकटीने बसून आठवडाभरात ते केलं. पंखांवर पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे घातले आणि एकेक चिकटवला. पहिले दोन ठीक. तिसरा मात्र किंचित तिरका लागला. तिला दिसलं असावं, पण ती काही बोलली नाही. मला मात्र शुक्रवारी रात्री झोप येईना. उद्या सगळ्यांसमोर हे वाकडंतिकडं उडालं तर? पोरगी रडली तर? शेवटी अकरा वाजता उठले, कटरने तिसरा पंख अलगद सोडवला, गोंद लावून अगदी सरळ बसवला आणि चोरासारखी येऊन झोपले. मनात म्हटलं, आईचं कर्तव्य केलं.

शेतावर एका घडीच्या टेबलामागे सत्तरीतले एक आजोबा बसले होते. कोणतंही रॉकेट उडण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचं, त्यांनी हो म्हटल्याशिवाय पॅडवर न्यायचं नाही. त्यांनी लेकीचं रॉकेट उचललं, टोक ओढून पाहिलं, दोरी ताणून पाहिली, आत जळरोधक कागदाचे बोळे घातलेत का विचारलं. (ते नसले तर पॅराशूट बाहेर ढकलणारा गरम वायू पॅराशूटच वितळवतो.) मग अंगठ्याने एकेक पंख दाबला. पहिला घट्ट. दुसरा घट्ट. तिसरा हलला.

"हा कसा काय सैल राहिला? बाकीचे दोन तर तू फार छान चिकटवलेस," ते म्हणाले.

लेक शांतपणे म्हणाली, "तो माझ्या आईने लावलाय."

म्हणजे तिला माहीत होतं! सकाळीच कळलं होतं, पेन्सिलीचा ३ पुसला गेला होता म्हणून. गाडीतल्या दीड तासात ती एक शब्द बोलली नव्हती. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

आजोबा माझ्याकडे बघून हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. त्यांनी लेकीलाच समजावलं. वाळलेल्या गोंदावर पुन्हा गोंद लावला की तो नीट धरत नाही, आधी खरवडून खालचा कागद उघडा करावा लागतो. आणि पंख जरासा तिरका असला तर काय होतं? रॉकेट वर जाताना स्वतःभोवती गिरक्या घेतं, थोडं कमी उंच जातं, बस्स. पण पंख सैल असला आणि वर जाताना तुटला, तर रॉकेटला दिशाच राहत नाही, ते कुठेही वळतं. अगदी माणसांकडेसुद्धा. थोडक्यात, लेकीची चूक चालण्यासारखी होती. मी केलेली सुधारणा चालण्यासारखी नव्हती.

रॉकेट नापास झालं. आजोबांनी तिच्या हातात सॅंडपेपरचा तुकडा आणि आपल्या अरल्डाइटसारखं दोन नळ्यांचं गोंद दिलं आणि बाजूचं टेबल दाखवलं. मी पुढे झाले तर म्हणाले, "तुम्ही बसा ना, कॉफी घ्या."

कॉफी घेत बसले आणि विचार करत राहिले. हा छंद सुरू कसा झाला ते मी थोडंफार वाचलं होतं, पण त्याचा अर्थ मला त्या खुर्चीत कळला.

४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचं वेड लागलं. गंधक, जस्ताची भुकटी, काडेपेटीचं गूल, जे मिळेल ते धातूच्या नळीत ठासायचं आणि पेटवायचं. पोरं जखमी व्हायची, काही जिवानिशी गेली. होमर हिकमच्या 'रॉकेट बॉइज' (१९९८) या आठवणींत वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या गावातली अशीच मुलं आहेत. ती निभावली. सगळीच निभावली नाहीत. अशा वेळी मोठी माणसं सहसा एकच गोष्ट करतात, बंदी घालतात. पण काही जणांनी वेगळं केलं. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑरव्हिल कार्लाइल नावाचा चपला-बुटांचा दुकानदार होता, दारूकामाचा शौकीन. त्याने आणि त्याच्या भावाने १९५४ मध्येच कागदाच्या नळीतली छोटी, बदलता येणारी मोटर आणि पॅराशूटने उतरणारं हलकं रॉकेट तयार केलं होतं. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सॅंड्स तळावर काम केलेला हॅरी स्टाइन त्याच्या संपर्कात आला. खऱ्या क्षेपणास्त्रांच्या तळावर सुरक्षा कशी पाळतात ते त्याला माहीत होतं. त्याने नियम बांधले आणि १९५७ मध्येच हौशी रॉकेटवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढच्या वर्षी कोलोरॅडोत व्हर्न एस्टिसने कंपनी काढली आणि मोटरी भराभर बनवणारं यंत्र तयार केलं. त्या यंत्राचं नाव मेबल.

आता यातली वाटणी बघा. दारू ठासायचं काम, म्हणजे जिथे एकदा चुकलं तर पुन्हा चुकायला माणूस उरत नाही, ते मुलांच्या हातातून काढून घेतलं आणि कारखान्यात नेलं. मोटर विकतच घ्यायची, ती फोडायची नाही, तिच्यात काही मिसळायचं नाही. बाकी सगळं, म्हणजे नळी, पंख, रंग, पॅराशूटची घडी, मुलांकडे ठेवलं. तिथे चुका म्हणाल तेवढ्या. मोटरीवर बी ६-४ असं काही लिहिलेलं असतं. बी म्हणजे तिचा एकूण जोर पाच न्यूटन-सेकंदांच्या आत, सहा म्हणजे सरासरी सहा न्यूटनचा रेटा, चार म्हणजे रेटा संपल्यावर चार सेकंदांनी पॅराशूट बाहेर. अक्षर एक पायरी पुढे गेलं की जोराची मर्यादा दुप्पट. नऊ वर्षांची मुलगी हे मला समजावून सांगते, कारण कोणती मोटर घ्यायची ते तिला ठरवायचं असतं.

आणि जे नियम आहेत ते मात्र लोखंडाचे. धातूचं रॉकेट चालणार नाही, कागद, लाकूड, प्लॅस्टिकच. लहान मोटरींना १५ फूट लांब उभं राहायचं, मोठ्यांना ३०. वारा ताशी २० मैलांच्या वर असेल तर उड्डाण नाही. पेटवायचं ते विजेवर, बटण दाबून, आणि किल्ली घातल्याशिवाय बटण चालतच नाही. वाळलेल्या गवताने पेट घेऊ नये म्हणून पॅडखाली पत्रा आणि भोवतालची जमीन साफ. विजेच्या तारेत अडकलेलं रॉकेट काढायला जायचं नाही, मग ते कितीही मेहनतीचं असो.

मला आपली दिवाळी आठवली. बाटलीत बाण उभा करून पोराच्या हातात उदबत्ती द्यायला आपल्याला काही वाटत नाही. फटाका फुसका निघाला की लगेच वाकून बघायला आपण सगळेच गेलोय. आणि तीच आपण माणसं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पोराला थर्मोकोलला हात लावू देत नाही! जिथे धरायचं तिथे सोडतो आणि जिथे सोडायचं तिथे धरून बसतो.

सांगलीला सातवीत असताना मी 'कोयना जलविद्युत प्रकल्प' केला होता. 'मी' म्हणजे बाबांनी. प्लास्टर ऑफ पॅरिसचे डोंगर, सलाइनच्या नळीतून पाणी, डब्याच्या पत्र्याचं चाक, सायकलचा डायनामो आणि एक मिणमिणता दिवा. माझं काम डोंगराला हिरवा रंग द्यायचं. परीक्षक बाईंनी विचारलं, "पाणी जास्त उंचीवरून सोडलं तर दिव्याचं काय होईल?" मी मागे वळून बाबांकडे पाहिलं. उत्तर बाबांनी दिलं, फार छान दिलं. मला दुसरं बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्रक अजून सांगलीच्या घरी आहे. ते बघितलं की मला परीक्षक बाई आठवतात, त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि परत माझ्याकडे पाहिलं नाही.

असो. इथे अमेरिकेत सगळं आदर्श आहे असं मला म्हणायचं नाही. इथल्या शाळांच्या विज्ञान मेळ्यांतही बापांचे ज्वालामुखी असतातच. म्हणून तर २००३ पासून चालणाऱ्या इथल्या मोठ्या शालेय रॉकेट स्पर्धेत, जिथे कच्चं अंडं वर पाठवून न फोडता खाली आणायचं असतं, रॉकेट विद्यार्थ्यांनीच करायचं असा नियम घालावा लागतो. नियम असतो तिथे मोह असतोच.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "हेड्स अप!" सगळे उभे राहिले आणि वर बघत बोटं दाखवू लागले. एकाचं पॅराशूट उघडलं नव्हतं. रॉकेट सरळ खाली आलं आणि लांब रिकाम्या रानात टोकावर रुतलं. चाळिशीचा एक गृहस्थ शांतपणे चालत गेला, उरलेले तुकडे घेऊन आला आणि दोन शाळकरी पोरांबरोबर पॅराशूट का अडकलं यावर चर्चा करू लागला. कोणी च्‌च्‌ केलं नाही.

अर्ध्या तासाने लेकीने रॉकेट पुन्हा टेबलावर ठेवलं. तिसरा पंख आता पुन्हा तिरका होता, पहिल्यापेक्षा जरा जास्तच. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी तिने गोंदाची कड फिरवली होती. आजोबांनी अंगठा दाबला, मान हलवली आणि चिठ्ठीवर सही केली.

पाच, चार, तीन, दोन, एक.. तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही.

ती पॅडकडे पाऊल टाकणार तोच ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "एक मिनिट." किल्ली काढायची आणि ६० सेकंद कोणी जवळ जायचं नाही, हा नियम. ते मिनिट फार मोठं होतं. ती दात-ओठ खात उभी. मला जाऊन तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, किमानपक्षी "होईल हं" म्हणावंसं वाटत होतं. गेले नाही. मिनिट संपलं, मग ती आणि आजोबा गेले, तिने पेटवायच्या तारेचे चिमटे काढून पुसले, पुन्हा लावले.

दुसऱ्यांदा मात्र सूंऽऽ करून गेलं! गेलं ते गिरक्या घेत, धुराची पिळदार रेघ काढत. फार उंच नाही गेलं. पण वर टोकाशी नारिंगी पॅराशूट उघडलं तेव्हा ती धसकटांतून अशी धावत सुटली की मला तिच्या मागे जाताही येईना. परत आली ती धापा टाकत. पहिलं वाक्य, "आई, ते का फिरत होतं माहितेय? तिसऱ्या पंखामुळे. पुढच्या वेळी मी मुद्दाम तिन्ही तिरके लावणार, बघू किती फिरतं ते."

सरळ पंखाने हा प्रश्न तिला पडला नसता.

रात्री बाबांना फोन केला. सगळं सांगितलं आणि शेवटी धीर करून विचारलं, "बाबा, कोयनेचं धरण मला का नाही करू दिलंत?" मला वाटलं होतं, बक्षीस, शाळेचं नाव असं काहीतरी म्हणतील. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मला मजा येत होती गं. आमच्या लहानपणी कोणी आमच्या हातात डायनामो दिला होता?"

मी शुक्रवारी रात्री का उठले, त्याचंही खरं उत्तर बहुधा हेच आहे. लेक रडेल ही भीती होती, पण तो पंख हातात घेऊन सरळ करण्यात मला मजाही येत होती. आपण मुलांच्या काळजीने त्यांची कामं करतो म्हणतो, त्यातला किती भाग काळजीचा आणि किती आपल्या राहून गेलेल्या हौसेचा, हे ज्याचं त्याने तपासावं. हौस वाईट नाही. त्या शेतावर निम्मी रॉकेटं पन्नाशी-साठीच्या लोकांची होती. फक्त ती त्यांची स्वतःची होती.

म्हणून मी परवा एक किट मागवलंय. माझ्यासाठी. सध्या जेवणाच्या टेबलावर दोन रॉकेटं उभी आहेत आणि घरात नियम असा की एकमेकींच्या रॉकेटला हात लावायचा नाही. काल रात्री पाणी प्यायला उठले तर लेक अंधारात माझ्या रॉकेटचे पंख अंगठ्याने दाबून बघत होती.

"तिसरा सैल आहे," म्हणाली, आणि झोपायला निघून गेली.